शेवडेकाकूंची बटणं

१

मंगळवारी दुपारी इरावती शाळेतून थेट सदर बाजारात आत्याच्या दुकानात टपकली, तेव्हा हेमलता आत्या काउंटरखाली शिरली होती. बाहेर नुसते तळवे दिसत होते. आजूबाजूला अस्तरांचे तागे, लेसची बंडलं, फॉलच्या पट्ट्या, सगळा रंगीबेरंगी पसारा.

"आत्या, उंदीर?"

"उंदीर असता तर पेढे वाटले असते गं," खालून आवाज आला. "बटणं गेली. शेवडेकाकूंची!"

इरावतीचं दप्तर खांद्यावरून आपोआप घसरलं.

ती बटणं म्हणजे साधीसुधी नव्हेत. चांदीची, साखळीत ओवलेली, सुरेखाकाकू शेवड्यांच्या सासऱ्यांची. काकूंचा नातू राजस लग्नाला उभा होता आणि त्याच्या कुर्त्याला तीच बटणं लागायची होती. सोमवारी संध्याकाळी काकू स्वतः येऊन ती आत्याच्या हातात ठेवून गेल्या होत्या. या चांदीला शोभेल असा काठ निवडून ठेव, बुधवारी संध्याकाळी येते, पसंत पडला तर घरातल्या झाडून सगळ्या बायकांचं मॅचिंग तुझ्याकडूनच! आत्याच्या नजरेवर काकूंचा तेवढा विश्वास होता. दोन पोपटी रंगांतला फरक आत्याला अंधारातही कळतो, असं सदरमध्ये म्हणत.

आणि ही ऑर्डर म्हणजे काय होतं, ते इरावतीला पक्कं ठाऊक होतं. दिवाळी कोरडी गेली होती. कॅन्टोन्मेंटमधल्या बायका यायच्या, ब्लाउजपीसचा फोटो काढायच्या, "सोचते हैं" म्हणायच्या आणि घरी जाऊन फोनवरून मागवायच्या. नागपूरहून आत्याचा मुलगा अपूर्व दर रविवारी तेच टुमणं लावायचा, आई, शटर पाड आणि इकडे ये. शेवटी आत्याने त्याला शब्द दिला होता. काकूंची ऑर्डर मिळाली तर दुकान, नाही तर नागपूर.

"पोलिसांत जाऊ या," इरावती म्हणाली.

"अजिबात नको!" आत्याचं डोकं काउंटरला आपटलं. "म्हणजे... नको गं. गवगवा होतो."

"ठेवली कुठे होतीस?"

"गल्ल्यात. कुलूप लावून." आत्या हे इरावतीला नाही, हातातल्या लेसला सांगत होती.

इरावतीने गल्ला उघडला. नोटा जागच्या जागी. नोटांशेजारी खऱ्या जरीचं रीळ, तेही जागच्या जागी. हा कसला चोर बाई? चांदी उचलतो, जर सोडतो, नोटांना हात लावत नाही!

विचार करताना हाताला काहीतरी लागतं तिच्या. काउंटरच्या कडेला भेडाघाटी संगमरवराची एक कोरीव डबी होती, दुधासारखी पांढरी. तिने झाकणाला बोट लावलं, ते टपकन निघालं. आत काही नाही.

"ठेव ती खाली!" आत्या एवढ्यांदा ओरडली की इरावतीने डबी खरंच खाली ठेवली. आत्या कधी ओरडायची नाही. गिऱ्हाईक सत्तर तागे उलगडून रिकामं गेलं तरी नाही.

"आत्या, आज दुकानात कोण कोण आलं होतं?"

"बाहेरचं? कोणीही नाही." आत्याने पदराने कपाळ पुसलं आणि समोर बघितलं. समोर तीन दुकानं. भाऊरावांचं घड्याळांचं, नीलकंठ भैयाचं भांड्यांचं, यामिनी दीदीचं गिफ्टचं. "बाहेरचं कोणी आलंच नाही, इरा. म्हणजे घेणारा आपल्यातलाच."

२

इरावती सोळा वर्षांची होती आणि गेल्याच महिन्यात तिने वादविवाद स्पर्धेत पहिला नंबर काढला होता. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही माणसाला प्रश्न विचारायला आपण घाबरत नाही, असा तिला शोध लागला होता. ती तडक रस्ता ओलांडून भाऊरावांकडे गेली.

भाऊरावांच्या डोळ्याला भिंग होतं आणि समोर एक उघडं घड्याळ. चारी भिंतींवरची घड्याळं मात्र चार वेगळ्या वेळा दाखवत होती.

"भाऊराव काका, आज सकाळी दुकान उघडल्यावर तुम्ही कुठे होतात?"

"काहून? पोलीस झाली काय तू?"

"आत्याची बटणं गेलीत. चांदीची. गल्ल्यातून."

भाऊरावांनी भिंग काढलं. "गल्ल्यातून? अरे देवा. शेवडेबाईंची ती?" ते भिंग शर्टाला पुसत राहिले. "मी सकाळपासून इथंच बसून राहिलो ना बाई. बोहनी झाली, मग पेपर वाचून राहिलो. दुपारपर्यंत या गल्लीत कुत्रं नाही फिरकलं. आजकाल लोकं टाइम मोबाइलमध्ये पाहतात आन् घड्याळ बिघडलं की फेकून देतात."

"पण बोहनी झाली ना, मग बरंय."

"बोहनी तर झालीच पाहिजे," भाऊराव गंभीरपणे म्हणाले. "दिवसाचा पहिला सौदा तो. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी. त्यानं ज्या चिजेवर हात ठेवला ते त्याले नाही म्हणू नये, रिकाम्या हातानं जाऊ देऊ नये. नाही तर दिवस वाया."

नीलकंठ भैयाने तिला बघताच कढई पुढे केली. "आओ इरा बेटा! ही घे, लग्नात काम येईल."

"भैया, मी अकरावीत आहे!"

"तो क्या हुआ? हमारी कढाई दस साल वारंटी की है, रुकेगी."

इरावतीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. डिटेक्टिव्हने संशयितासमोर हसायचं नसतं. भैयाच्या अंगठ्याला पट्टी होती. "हे काय झालं?"

"नाखून टूट गया आज सुबह. ढक्कन था, खुलके ही नहीं दे रहा था. लगा की आज थोडी भारी है, देखूँ तो..." भैया एकदम थांबला आणि आधीच चकचकीत असलेली परात पुसायला लागला. "डिब्बा था. स्टील का. हेमलता दीदी की बटणं गेली? राम राम. मैं तो सुबह बोहनी करके बैठा हूँ, उसके बाद सन्नाटा."

यामिनी दीदी चोवीसची. बाबांच्या मागे गिफ्टचं दुकान एकटी चालवायची. मराठी तिला पूर्ण कळायची, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदी यायची. बटणं गेली हे ऐकून तिचा चेहरा उतरला. "गल्ल्यातून? किती वाईट झालं ना."

तिच्या मागे, फळीवर, आत्याकडे होती तशाच संगमरवरी डब्या ओळीने मांडलेल्या होत्या. दातांच्या ओळीत एक दात पडावा तशी मध्ये एक जागा रिकामी.

"दीदी, तुमची एक डबी विकली गेली वाटतं?"

"नाही... हां. म्हणजे." यामिनीने एक टेडी उचलून त्या फटीत बसवला. "बोहनी झाली आज. अच्छी हुई. असली..." आणि तिचे डोळे भरून आले. बोहनी चांगली झाली म्हणून कोण रडतं?

संध्याकाळी ऑटोतून घरी जाताना इरावती चुळबुळत राहिली. नखं खाल्ली, वेणी सोडली, परत घातली. तिघांनीही खरं सांगितलं असंच वाटत होतं आणि तिघांनीही काहीतरी गिळलं होतं, हेही तितकंच खरं.

मग तिला ते एकदम दिसलं. "भैया, रोको!" ती ओरडली. ऑटोवाल्याने करकचून ब्रेक मारला.

"क्या हुआ? पर्स गिर गया?"

"नहीं, नहीं. चलो, चलो."

गल्लीत दुपारपर्यंत कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. आणि तरी तिन्ही दुकानांची बोहनी सकाळीच झाली होती. मग सकाळी खरेदी केली कोणी?

३

बुधवारी शाळेत तास नव्हते. संगीताचे बाळाजी सर निवृत्त होत होते, दुपारी त्यांचा निरोप समारंभ, तेवढ्याला यायचं. सकाळ मोकळी! दुकानं उघडायच्या वेळी इरावती कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीमागे उभी राहिली, ओढणी डोक्यावरून घेऊन. टपरीवाल्याने ओळखलंच, पण काही बोलला नाही.

आत्याने शटर वर केलं. उदबत्ती लावली. ती संगमरवरी डबी पुढे ओढली, तिला बोटाने कुंकू लावलं, हात जोडले. तेवढ्यात भाऊराव रस्ता ओलांडून आले. त्यांनी नोट दिली, आत्याने ती कपाळाला लावून गल्ल्यात टाकली. भाऊराव डबी घेऊन परतले.

बरं, विकली गेली डबी.

मग नीलकंठ भैया भाऊरावांच्या दुकानात शिरला. नोट दिली. भाऊरावांनी ती कपाळाला लावली. भैया बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तीच डबी. मग यामिनी भैयाकडे. मग, इरावतीने डोळे चोळले, आत्या यामिनीकडे गेली, नोट दिली, आणि स्वतःचीच डबी विकत घेऊन परत आली!

चारही गल्ल्यांत एकेक नोट पडली होती आणि चारही दुकानदारांची एकेक गेलीही होती. कोणी कमावलं नाही, कोणाचं गेलं नाही. चौघांची बोहनी मात्र झाली.

आणि आजची आत्या काही निराळीच होती. डबी देताना ती भाऊरावांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, घेताना यामिनीच्या. चोर शोधत होती.

इरावती दुकानात शिरली. "आत्या, मी बघितलं."

आत्या स्टुलावर बसली. बराच वेळ फॉलची एक पट्टी गुंडाळत राहिली, उलगडत राहिली.

"उन्हाळ्यापासून चाललंय," ती शेवटी म्हणाली. "आधी दुपारपर्यंत तरी कोणी यायचं. मग तेही बंद. बोहनीशिवाय दिवस काढणं किती जड जातं, तुला नाही कळणार इरा. गल्ला उघडायची भीती वाटते. भाऊराव म्हणाले, आपणच एकमेकांची बोहनी करू. नुसते पैसे फिरवून चालत नाही, वस्तू हातातून हातात गेली पाहिजे. यामिनीने डबी आणली. कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. सदरमध्ये कळलं असतं, तर हसले असते लोक."

"आणि बटणं?"

"गल्ल्याचं कुलूप ढिलं झालंय. सोमवारी रात्रभर कुठे ठेवायची? त्या डबीचं झाकण इतकं घट्ट की कोणाच्या बापाला उघडत नाही. कात्रीने झाकण उचकटलं, मलमलीत गुंडाळून आत कोंबली, वाजू नयेत म्हणून. आणि सकाळी..." आत्याचा आवाज चिरका झाला. "सकाळी भाऊराव आले आणि हात आपोआप गेला गं. रोजची सवय! दुपारी आठवलं, डबी उघडली, रिकामी."

"तिघांना विचारलं का नाहीस?"

"काय विचारू? तिघांपैकी चोर कोण? पंधरा वर्षांचा शेजार आहे. एकाने घेतली असतील, तर दोघांवर उगाच आळ. म्हणून गल्ला म्हटलं."

इरावती डबीकडे बघत होती. पांढऱ्याशुभ्र झाकणावर आजच्या पुसलेल्या कुंकवाचा एकच फिकट ठिपका. बाकी सगळी डबी कशी, आत्ताच कोरल्यासारखी.

"आत्या, उन्हाळ्यापासून रोज कुंकू लावतेस हिला?"

"रोज. आणि लगेच पुसते."

"आपल्या देवघराची फरशी संगमरवरी आहे. कुंकू सांडतं तिथे पुसून पुसून काय रंग झालाय तिचा?"

"गुलाबी," आत्या म्हणाली, आणि तिच्या हातातली पट्टी सुटून घरंगळत दारापर्यंत गेली.

"दोन पोपटी रंग अंधारात ओळखणारी तू!"

"मी तिच्याकडे बघतच नव्हते गं. मी आत बघत होते."

"बटणं कोणी डबीतून काढलीच नाहीत, आत्या. ही ती डबी नाहीच!"

४

"हे बघ," इरावती दुकानात येरझाऱ्या घालत म्हणाली. एका जागी उभं राहणं तिला अशक्य झालं होतं. "काल सकाळी भैयाचं नख तुटलं. तो म्हणाला, 'आज थोडी भारी है'. डबी! बटणांमुळे भारी. आणि झाकण उघडेना. म्हणजे भैयाच्या हातात जुनी, घट्ट झाकणाची डबीच होती. पण तुझ्याकडे परत आली तिचं झाकण मी एका बोटाने उघडलं. भैयानंतर आणि तुझ्याआधी डबी कोणाकडे असते?"

आत्याने चपला घातल्या.

यामिनी माल आणायला गेली होती, ती परतायला दुपार टळली. आल्या आल्या तिने दोघींना दारात बघितलं आणि फळीवरच्या टेडीकडे बघितलं. मग तिला रडूच फुटलं.

"मला सांगायचंच होतं आत्या, खरंच. काल सकाळी मी भैयाकडून डबी आणली, काउंटरवर ठेवली, आणि कस्टमर आली. असली कस्टमर! सकाळी सकाळी! कितने महीने बाद! मी म्हटलं, फळीवरच्या बघा. ती म्हणाली, नहीं, यही चाहिए, इसमें गुलाबी झाक है, बाकी सब सफ़ेद हैं. आणि हात ठेवला त्याच्यावर. बोहनीचं गिऱ्हाईक, हात ठेवलेली वस्तू... कशी नाही म्हणू?"

"मग फळीवरची एक आम्हाला दिलीस," आत्या म्हणाली.

"हो. आपल्या सगळ्यांची डबी होती ती, आणि मी एकटीने विकली. खरी बोहनी मला एकटीलाच झाली. लाज वाटली. पण बटणांचा काय संबंध? तुम्ही तर म्हणालात गल्ल्यातून..."

आत्याने भिंतीला टेकून डोळे मिटले. तिने गल्ला म्हटलं नसतं, तर यामिनीने कालच सगळं सांगितलं असतं. एका खोट्याने पूर्ण एक दिवस खाल्ला होता, आणि काकू आज संध्याकाळी यायच्या होत्या.

"कोण होती ती बाई?" इरावतीने विचारलं.

"पहिल्यांदाच बघितली. कॅश दिले. झाकण उघडत नव्हतं, तर म्हणाली, चलेगा, खोल लेंगे. पॅक करून घेतली."

"आठव दीदी, काहीही आठव. साडी? चष्मा? काय बोलली?"

यामिनीने नाक पुसलं. "म्हणाली, गिफ्ट है. लौंग-इलायची रखने के लिए. गानेवाले आदमी हैं, गला सँभालते हैं. और... हां, तिची बोटं. भूरी-जामुनी, डाग पडलेले. मला वाटलं जामुन खाल्ले असतील."

"नोव्हेंबरमध्ये जामुन?"

मग इरावतीने स्वतःची उजवी तर्जनी वर केली. नखाच्या कडेला अजूनही एक तपकिरी डाग होता. सोमवारच्या प्रॅक्टिकलचा. पोटॅशियम परमँगनेट! हात धुतले तरी दोन दिवस जात नाही ते. आणि अकरावीच्या सगळ्या तुकड्यांना सोमवारपासून ते प्रॅक्टिकल करून दाखवणारी, हातात मोजे कधीही न घालणारी बाई सगळ्या शाळेत एकच होती.

"गीतांजली मॅडम," ती पुटपुटली. "आणि गाणारे, गळा जपणारे म्हणजे बाळाजी सर. अगं बाई! आज त्यांचा सेंड-ऑफ आहे. तो संपला की सर सरळ स्टेशनवर जाणार, मुलीकडे, पुण्याला!"

घड्याळ बघायला ती बाहेर येऊन भाऊरावांच्या दुकानात डोकावली. चारी भिंतींवरची घड्याळं, चार वेगळ्या वेळा.

"पळ!" आत्या म्हणाली.

५

ऑटोवाल्याला तिने इतक्या वेळा "जल्दी" म्हटलं की शेवटी तो म्हणाला, "दीदी, आप ही चला लो." शाळेपाशी पोहोचली तेव्हा हॉलमधून मुलं बाहेर सांडत होती. समारंभ संपला होता. फाटकाशी दुसरा एक ऑटो उभा, त्यात गळ्यात हार घातलेले बाळाजी सर, मांडीवर हार्मोनियम, पायाशी भेटवस्तूंची पिशवी. ऑटो सुरू झाला.

इरावती त्याच्यापुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"इरावती!" मागून गीतांजली मॅडमचा आवाज. "ये क्या तमाशा है?"

"मॅडम, आपने सर को जो गिफ्ट दिया है, उसमें मेरी आत्या के बटन हैं!"

अकरावी ब मधून कोणीतरी खिदळलं. महिन्यापूर्वीची इरावती इथेच जमिनीत गडप झाली असती. आजच्या इरावतीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही.

"माझ्या भेटीत, तुझ्या आत्याची बटणं," बाळाजी सर सावकाश म्हणाले. "चाळीस वर्षं शिकवलं, असली बंदिश नाही ऐकली. बोल, समेवर ये लवकर. माझी गाडी आहे."

तिने एका दमात सांगितलं. बोहनीचं मात्र सांगितलं नाही. ते आत्याचं होतं. नजरचुकीने बटणं राहिलेली डबी विकली गेली, एवढंच.

सरांनी पिशवीत हात घालून चमकीच्या कागदातलं पुडकं काढलं, कागद सोडवला. गुलाबी झाक असलेली डबी! त्यांनी झाकण फिरवलं. हलेना. मॅडमने ओढून बघितलं. हलेना. ऑटोवाल्याने गुडघ्यात धरून जोर लावला. हलेना.

"थांबा," सर म्हणाले. त्यांनी हार्मोनियमच्या पेटीतून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, सूर लावायचा, आणि झाकणाच्या कडेत हलकेच फिरवला. कट् असा आवाज आला. आत मलमल. मलमलीत चांदी, पाचही बटणं, साखळीसकट.

इरावतीला रडू की हसू कळेना, म्हणून तिने सरांच्या पाया पडून घेतलं.

"बटणं तू ने. डबी माझी," सर म्हणाले. "आता उघडली ना, लवंगा राहतील."

"तुझे कैसे पता चला कि मैंने ख़रीदी?" गीतांजली मॅडमनी विचारलं.

"मॅडम, आपके हाथ... परमँगनेट."

मॅडमनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "इतना ध्यान प्रॅक्टिकल में देती, तो रीडिंग ग़लत नहीं आती."

६

दुकानापाशी पोहोचली तेव्हा शेवडेकाकू आत बसलेल्या होत्या. काउंटरवर काठांचे नमुने पसरलेले, पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. भाऊराव, नीलकंठ भैया, यामिनी तिघंही दारात उभे. आत्याचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा.

इरावतीने काउंटरच्या आतल्या बाजूने जाऊन बटणं आत्याच्या हातात सरकवली आणि कानात म्हणाली, "गल्ल्यात मागे सरकली होती म्हण. कोणाला काही कळणार नाही."

आत्याची मूठ घट्ट मिटली. क्षणभर इरावतीला वाटलं, झालं, सुटलो.

मग आत्याने मूठ काकूंसमोर उघडली. "काकू, ही घ्या. काल माझ्या हाताने विकली मी ही."

आणि तिने सगळं सांगितलं. डबी, कुंकू, चौघांची बोहनी, सगळं. भैया मध्येच "दीदी, रहने दो" म्हणाला. ती थांबली नाही. "आमच्याकडे सकाळी कोणी येत नाही, काकू. दुपारीही येत नाही. म्हणून आम्हीच एकमेकांकडे जातो. आणि कालपासून मी या तिघांना चोर समजत होते. हेही सांगते."

काकूंनी बटणं पदरावर घासली, उजेडात धरली.

"मी रोज सकाळी फिरायला इथूनच जाते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, बाकी बाजार थंड असेल, पण या चार दुकानांत बरं चाललंय. दारात कोणी ना कोणी उभं असतंच."

"तो मीच असतो," भाऊराव म्हणाले.

काकूंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. त्यांनी बटणं पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन ओढली, ओढून परत एकदा तपासली. "ही आता लग्नाच्या दिवशीच बाहेर काढीन. तो राखाडी काठ दाखवा. नाही, त्याच्या खालचा. नऊवारीवरच्या ब्लाउजला अस्तर कुठलं देणार?"

आत्याने तागा पहिल्याच खेपेला बरोबर काढला.

काकू गेल्यावर यामिनी आत्याच्या गळ्यात पडली. भैया म्हणाला, "हमको चोर समझा? चलो, कोई बात नहीं, हमने भी ढक्कन खोलने की कोशिश तो की थी." भाऊराव मात्र तसेच उभे होते.

"पंधरा वर्षं," ते म्हणाले. "एकडाव विचारायचं तर होतं, हेमलताताई. काहून नाही विचारलं?"

आत्या काउंटरवरचे काठ एकावर एक रचत राहिली.

"उद्यापासून ती डबी-बिबी मले नको," भाऊराव म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. त्यांचं शटर त्या दिवशी लवकर पडलं.

गुरुवारी इरावतीने पहिले दोन तास बुडवले. बुडाले तर बुडाले! आत्याने शटर वर केलं, उदबत्ती लावली, आणि काउंटरवर हात ठेवून बसली. कुंकवाची कुयरी उघडलीसुद्धा नाही. काकूंची ऑर्डर होती, दुकान राहणार होतं, पण आत्याची नजर समोरून हलत नव्हती. समोर भाऊराव एक घड्याळ पुसत होते. पुसलं, ठेवलं, परत उचललं. इरावतीला बसवेना. जाऊन त्यांना ओढून आणावं की काय!

शेवटी ते उठले. रस्ता ओलांडला. आले आणि उजवा हात काउंटरवर ठेवला. शर्टाच्या बाहीला टाचणी टोचलेली होती.

"बटन तुटलं," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "असं दुसरं आहे काय?"

आत्याने एक डबा उघडला. मग दुसरा. बटण बाहीपाशी धरून बघितलं. "हे नाही. पिवळसर मारतं." तिसरा डबा. इरावतीला तर सगळी पांढरीच दिसत होती. आत्या खिडकीपाशी उजेडात गेली, परत आली. "हे घ्या. हेच."

"केवढ्याचं?"

"पाच रुपये."

"तीन देतो."

"बोहनीच्या वेळी घासाघीस करता, भाऊराव?"

"मंग!" भाऊराव म्हणाले, आणि आता त्यांनी वर बघितलं. "आज खरं गिऱ्हाईक आहो मी. खरं गिऱ्हाईक घासाघीस करतेच."

आत्याने सुई उजेडाकडे धरून दोरा ओवला.

"चार," ती म्हणाली. "आणि हात हलवू नका."